गीताच्या नावानं लागते

शनिवारी बाजार बंद असतो. तरीही मनोजचा अंगठा मोबाइलच्या काचेवर पुन्हा पुन्हा वरून खाली ओढला जात होता. पडद्याच्या वरच्या कडेला एक लहान गोल फिरायचा, थांबायचा, आणि शुक्रवारी बाजार बंद होताना जे आकडे होते तेच परत दिसायचे. अंगठा क्षणभर हवेत राहायचा. मग पुन्हा खाली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने असे केले असते तर गीतांजलीने त्याला शांतपणे विचारले असते, तू नेमके काय मोजतो आहेस? इथे तिने विचारले नाही. मनोज तिचा मोठा भाऊ होता.

अकोल्यातले हे ऑफिस शाकीबचे. लोकांना शेअर बाजारातली खाती उघडून द्यायची आणि त्यांच्या वतीने खरेदी-विक्री करायची, हा त्याचा व्यवसाय. शनिवारी काम कमी आणि माणसे जास्त असत. बाकावर कचोरीचा कागद उघडा पडला होता आणि वीज मंडळातून निवृत्त झालेले शेषराव आपला प्रश्न मांडत होते.

"शाकीब, मी चारशेले घेतला, आता दोनशेवर आला. अजून तेवढेच घेतले तं मले सरासरी तीनशेले पडन. बराबर?"

"बराबर, काका."

"मंग निम्मा तोटा तं इथंच गेला न!"

"काका, सरासरी तुमची खाली आली. शेअर वर जाईन, हे त्यानं कुठं कबूल केलं?"

"काहून नाई जाईन? चारशे पाहिले हायेत न त्यानं!"

बाळापूरचे कापडवाले अब्दुल रहीम कोपऱ्यात हसले. व्याजाचा धंदा करणाऱ्या कंपनीत पैसा घालायचा नाही, दारूच्या कंपनीत घालायचा नाही, हा त्यांचा नेम होता. शेषराव त्यांच्याकडे वळले. "चाचा, तुमच्यासाठी बाजारात उरलं काय?"

"सिमेंट," अब्दुल रहीम म्हणाले. "और रात की नींद."

सगळे हसले. तेवढ्यात शेषरावांचे लक्ष दाराशी उभ्या असलेल्या गीतांजलीकडे गेले. "अरे, लकी ताई आल्या न जी! बसा, बसा. माझ्या फॉर्मले बी जरा हात लावून द्या."

ही थट्टा आता जुनी झाली होती. नवी कंपनी पहिल्यांदा शेअर विकायला काढते तेव्हा मागणारे पुष्कळ असतात आणि शेअर थोडे. मग कॉम्प्युटर सोडत काढतो. एका माणसाला एकच अर्ज. म्हणून मनोजने घरातल्या प्रत्येकाच्या नावाने खाते उघडले होते: बायकोच्या, आईच्या आणि अमरावतीला ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बहिणीच्या. पैसे त्याचे, नाव त्यांचे. तीन वेळा बहिणीच्या नावावर शेअर लागले. तेव्हापासून 'गीताच्या नावानं लागते' हे वाक्य घरात आणि या ऑफिसात सिद्ध झाल्यासारखे वापरले जात होते. मनोज किती अर्ज करतो आणि त्यांतले किती रिकामे जातात, हे तिने एकदा मांडून पाहिले होते. तिचे नाव इतर कुणाच्याही नावाइतकेच नशीबवान होते.

तिने ते कुणाला सांगितले नव्हते. सांगण्यासारखी दुसरीच गोष्ट होती, आणि तीही ती टाळत आली होती. त्या खात्यावर मोबाइल नंबर मनोजचा होता. खात्यात शिरायचे तर येणारा ओटीपी मनोजला येई, खरेदी-विक्रीचे संदेश मनोजला येत, आणि आयकर तिला येई. काही वर्षांपूर्वी तिचे विवरणपत्र भरणाऱ्याने विचारले होते, "मॅडम, तुम्ही ट्रेडिंग करता?" आपल्याच खात्याबद्दल 'विचारून सांगते' असे उत्तर तिला द्यावे लागले होते. त्यानंतर प्रत्येक राखीला ती अमरावतीहून बोलायचेच असे ठरवून निघे आणि नुसती ओवाळून परत जाई. वडील गेल्यावर मनोजने शिक्षण सोडून पाण्याच्या मोटारींचे दुकान सांभाळले होते आणि तिच्या हॉस्टेलचे पैसे भरले होते. असे हिशेब कुठे मांडता येतात, हे तिला कोणी शिकवले नव्हते.

"स्लिप आणली?" मनोजने विचारले.

तिने पगाराची स्लिप पर्समधून काढली, पण दिली नाही. "कशाले पाहिजे, ते फोनवर नाही सांगतलं तू."

"अवं, तुया खात्यात एफ अँड ओ चालू करायचं हाये. त्याले उत्पन्नाचा पुरावा लागते. तू सही कर, मी पाहून घेतो बाकी."

एफ अँड ओ म्हणजे शेअर न घेता त्याच्या पुढच्या भावावर सौदे करणे. थोडे पैसे लावून मोठा सौदा करता येतो आणि उलटले तर लावले त्याहून जास्त जाऊ शकतात. मनोजचे दोनदा उलटले होते. दुसऱ्या वेळी रागिणीवहिनीने याच ऑफिसात येऊन, त्याच्या शेजारी बसून, त्याच्या खात्यातला तो भाग बंद करून घेतला होता.

"वहिनीले माहीत हाये?"

"तिले काय कळते त्यातलं!"

"तिले कळलं म्हनून तं बंद केलं."

शेषरावांनी कचोरी हातातच धरली. शाकीबने फॉर्म टेबलावर ठेवला होता, तो आता थोडा मागे ओढला.

"शाकीबभाई," ती म्हणाली, "यात नुकसान झालं तर वसुली कुणाकडून?"

"खातं ज्याचं, त्याच्याकडून." तो मनोजकडे न पाहता बोलला. "तुमच्याकडून, मॅडम."

"आणि दहातले नऊ जण यात पैसे घालवतात, असं लॉगिन केल्यावर समोर येतं ना?"

"येतं. खाली बटन असतं, 'मला समजलं' म्हणून. ते दाबल्याशिवाय पुढं जाताच येत नाही."

"अन् हे नऊजण ते रोज दाबतेत," शेषराव पुटपुटले. "मी बी दाबतो."

"काका, तुम्ही गप ऱ्हा न!" मनोज म्हणाला. मग त्याने आवाज खाली आणला. "गीता, तुया नावानं लागते, बावा. आजपर्यंत कधी तोटा आला का तुया खात्यात? नाई न? माया खात्यालेच काहीतरी हाये. तुयं नाव चांगलं हाये."

तिला क्षणभर वाटले की तो थट्टा करतो आहे. पण त्याचा चेहरा अगदी प्रामाणिक होता. आपल्या सौद्यांत चूक आहे असे त्याला वाटत नव्हते. आपल्या नावात चूक आहे असे वाटत होते. म्हणून त्याला दुसरे नाव हवे होते. याला काय उत्तर द्यायचे, ते तिला प्रथमच स्पष्ट दिसले.

"दादा, नाव काही करत नाही. सोडतीत कॉम्प्युटर ठरवते. इथं तू ठरवशील. तूच, तेच सौदे, तीच घाई. फक्त खाली नाव माझं."

"म्हंजे मले अक्कल नाई."

"मी तसं नाही म्हटलं."

"मंग काय म्हटलं?" आता तो उभा राहिला. "तुही एमेस्सी कोनं केली? पाना-पक्कड घेऊन बोरवेलवर कोन उभा राह्यला? तेव्हा मी इचारलं का तुले, कशाले पाहिजे म्हनून?"

अब्दुल रहीम उठून पंख्याच्या बटणाकडे गेले आणि पंखा चालूच आहे हे पाहून परत आले.

हेच वाक्य येईल म्हणून गीतांजली इतकी वर्षे बोलली नव्हती. आता ते येऊन गेले होते, आणि ती अजून खुर्चीवरच बसलेली होती.

"तू केली माही एमेस्सी," ती म्हणाली. "ते मी कधीच नाकारणार नाही. तुले दुकानासाठी पाहिजे असन तं माह्या पगारातून माग. हातानं देतो मी, परत बी मागणार नाही. पन ही सही नाही मिळणार."

"पाहा जी," मनोज सगळ्यांना म्हणाला, "सख्खी बहीण!"

"सख्खीच हाये. म्हनूनच समोर बसून सांगून राहिली."

शेषरावांनी मान हलवली, मनोजचे लक्ष गेल्यावर थांबवली.

तिने पगाराची स्लिप घडी करून पर्समध्ये परत ठेवली. समोरचा फॉर्म बोटाने शाकीबकडे सरकवला. तो सरकायला वेळ लागला नाही. मनोज तिच्याकडे पाहत होता, रागाने नव्हे. ती पुढे काय करणार हे प्रथमच ठाऊक नसल्यासारखा पाहत होता.

"झालं?" त्याने विचारले. "जाऊ आता घरी?"

"नाही," ती म्हणाली आणि शाकीबकडे वळली. पुढचे तिने सावकाश, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितले. "शाकीबभाई, माझ्या खात्यावरचा मोबाइल नंबर बदलायचा आहे. त्याचा कागद काढा. सोमवारी खात्यातलं सगळं विकून दादाचे पैसे दादाला देईन. त्यानंतर त्या खात्यात काय घ्यायचं आणि काय नाही, ते मी ठरवणार."