बाळाचं चित्र

सोमवारी रणजीत कंपनीच्या बसनं चाकणला गेला आणि दिपाली चित्रांची पिशवी खांद्याला लावून बाहेर पडली. रजेचा शेवटचा आठवडा होता. पिंपळे गुरवच्या त्या दोन खोल्यांत बसून राहिली असती, तर सोसायटीतल्या बायका पुन्हा आल्या असत्या, चहा प्यायल्या असत्या आणि जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या असत्या. त्यापेक्षा भोसरी बरी.

आठव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली होती. दवाखान्यात नेलं, मोकळी झाली, आणि शुद्धीवर आली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. रणजीत बाळाला पुरून परत आला होता. त्याच्या बुटांना ओली माती होती. "मुलगा होता," एवढंच तो बोलला. त्यानंतर त्या विषयावर दोघांचं काहीच बोलणं झालं नव्हतं. ती रडलीही नव्हती. आतून सगळं सुन्न झालं होतं, दात काढल्यावर गाल होतो तसं.

भोसरीत तिच्या मैत्रिणीची, नबीलाची, खोली होती. खाली नबीलाच्या भावाचं गॅरेज, वर ही खोली. नबीला लाकडी ठशांनी दुपट्टे छापायची. दिपाली एका वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरवर मशीनच्या भागांची ड्रॉइंग करायची आणि सुट्टीच्या दिवशी इथं येऊन हातानं चित्रं काढायची. खोलीला दोघी हसत 'स्टुडिओ' म्हणायच्या. शनिवार-रविवारी चिंचवडच्या एका हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन होतं आणि दोघींनी मिळून एक टेबल घेतलं होतं.

आठवडाभर ती काढत राहिली. गॅरेजसमोर पाय वर करून पडलेली रिक्षा. पत्र्याच्या शेडखाली रचलेले लोखंडी रॉड. एमआयडीसीच्या रस्त्याकडेला उभे कंटेनर. शेजारच्या शेडमधली प्रेस मशीन दिवसभर धप्‌ धप्‌ करायची, खोलीची जमीन हलायची, आणि त्या हलण्यातही तिची रेघ सरळ यायची. एका दुपारी कुर्त्यावर छातीपाशी ओला डाग दिसला. दूध अजून पुरतं आटलं नव्हतं. नबीलानं एक छापलेला दुपट्टा तिच्या अंगावर टाकला. दिपालीनं तो नीट पसरून घेतला आणि कंटेनरची चाकं पुरी केली.

शुक्रवारी नबीला सगळे कागद जमिनीवर मांडून बघत होती.

"छान आलीत. पण यात माणूस एकही नाही गं."

"मुद्दाम नाही केलं."

"चहावाला तरी काढायचास. टपरी काढलीयस, किटली काढलीयस."

"काढायला गेले," दिपाली म्हणाली. "चेहऱ्यापाशी हात थांबतो."

नबीलानं कागद एकावर एक रचायला घेतले.

शनिवारी प्रदर्शनात त्यांच्या शेजारचं टेबल कुसुमताईंचं होतं. कुसुमताई मूळच्या चिंचवड गावातल्याच, साठीच्या, क्रोशाच्या वस्तू विकायच्या. तोरणं, रुमाल, लहान मुलांचे स्वेटर. दिवाळीच्या प्रदर्शनातही त्या अशाच शेजारी होत्या.

"अगं बया, तू व्हय!" त्यांनी दिपालीला ओळखलं. "दिवाळीला पोट घेऊन बसली व्हतीस की हितं. काय झालं? मुलगा का मुलगी?"

"मुलगा."

"आन हाय कुठं?"

"घरी. सासूबाईंकडं."

पिंपरीची बस कुठून सुटते हे सांगावं, तितकं सहज तिच्या तोंडून गेलं. मग कुसुमताई विचारत गेल्या आणि ती सांगत गेली. रात्री उठतो. दोनदा, कधी तीनदा. वडिलांवर गेलाय. दुपट्ट्यांच्या घड्या घालता घालता नबीलाचे हात थांबले. दुपारी पाण्याच्या पिंपापाशी तिनं दिपालीला गाठलं.

"काय बोलत होतीस तू?"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

"मी सांगू का त्यांना खरं?"

"नको."

रविवारी कुसुमताईंनी पिवळ्या लोकरीचं टोपडं विणायला घेतलं होतं. "तुझ्या लेकाला," त्या म्हणाल्या. "डोकं केवढं हाय त्याचं? फोटो दाव की मोबाईलमधला."

"फोटो नाही."

"फोटो न्हाई? ह्या दिवसांत? मग काढून दाव. चित्रं काढतीस न्हवं?"

दिपालीनं कोरा कागद ओढला. पेन्सिल टेकवली आणि आठवडाभर अडलेला हात चालू लागला. कपाळ, मिटलेले डोळे, ओठ. नाक तिनं रणजीतचं घातलं, सरळ आणि धारदार. गिऱ्हाईकं येत होती, नबीला त्यांच्याशी बोलत होती. दिपालीनं मान वर केली नाही.

"गोड हाय गं पोरगं," कुसुमताई म्हणाल्या.

संध्याकाळी सामान न्यायला रणजीत आला. कुसुमताईंनी टोपडं उचलून दाखवलं.

"काय वं, लेकाला न्हाई आणलंत? सारखं आजीपाशीच ठेवताय व्हय?"

रणजीतनं त्यांच्याकडं पाहिलं, मग दिपालीकडं.

"कुसुमताई," दिपाली म्हणाली, "बाळ नाहीये. पोटातच गेलं. मी काल खोटं बोलले."

कुसुमताईंच्या हातातली सुई थांबली. "आगं माझ्या बाई," एवढंच त्या म्हणाल्या आणि टोपडं तसंच मांडीवर धरून बसल्या.

रणजीतला टेबलावरचा कागद दिसला. त्यानं तो उचलला आणि ट्यूबलाइटखाली धरला. बराच वेळ बघत राहिला.

"नाक असं नव्हतं," तो म्हणाला.

दिपालीनं त्याच्याकडं पाहिलं.

"बसकं होतं. तुझ्यासारखं."

तिनं कागद मागून घेतला, खोडरबर शोधलं, नाक पुसलं आणि नवं काढलं. "असं?"

"अजून थोडं आखूड. हां."

"डोळे?"

"मिटलेले होते. ते बरोबर आहेत." तो गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. "केस होते त्याला. भरपूर. कानावर आले होते."

ती केस काढू लागली. हॉलमधले पंखे एकेक करून बंद व्हायला लागले होते. नबीला दोघांच्या आजूबाजूनं गाठोडी बांधत होती, हाताला घाई नव्हती.

"मला का नाही दाखवलं?" दिपालीनं मान खाली ठेवूनच विचारलं.

"तू शुद्धीत नव्हतीस. आई म्हणाली, नको दाखवू, डोळ्यांपुढनं जात नाही. मलापण वाटलं, नको."

"तुमच्या डोळ्यांपुढनं गेलं?"

"नाही."

"मला बघायचं होतं."

रणजीतनं मान हलवली. त्याचा चेहरा ओला झाला होता आणि तो पुसायचं त्याला सुचत नव्हतं. दिपालीला रडू आलं नाही. तिनं केस पुरे केले, कान केला, आणि कागद त्याच्याकडं वळवला. त्यानं बघितलं आणि काहीच चूक काढली नाही.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. शेजारच्या टेबलावरचा धनेश खुर्ची सरकवून जवळ आला आणि कसंबसं म्हणाला, "ताई, ऐकलं मी. वाईट झालं."

"हो," ती म्हणाली. "मुलगा होता. केस भरपूर होते त्याला."