चुकांची वही

आमच्या बँडमध्ये गाणारं कोणी नाही. त्यामुळे लोक आधी विचारतात, "मग तुम्ही नक्की करता काय?" माझा दादा ड्रम वाजवतो, माझा नवरा गिटार आणि मी बेस, म्हणजे जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार. जॅझसारखं ऐन वेळी सुचेल ते वाजवायचं, पण रॉकच्या दणक्यात, आणि तेही अकरा नाहीतर तेरा मात्रांत. तिघांतच सगळं भागवायचं असल्यामुळे लपायला जागा नाही. एखादा पियानोवाला असता तर चार चुका त्याच्या दहा बोटांखाली खपून गेल्या असत्या. आमच्याकडे चूक झाली की ती सगळ्यांना ऐकू जाते.

पोट भरतं ते दुसऱ्या कामांवर. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. नवरा शाळेत गणित शिकवतो, म्हणून दादा त्याला मास्तर म्हणतो आणि लग्नाआधीपासून मीही. रविवारी सकाळी एका लाँड्रीच्या तळघरात आमचा सराव असतो. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, छताखालून गरम पाण्याचे पाइप गेलेत, आणि तासाभरात तिघंही घामाने निथळतो.

मला बेस दादाने शिकवला. मी बारा वर्षांची होते, तो एकवीसचा. वडील नव्हते आणि आई दिवसभर कामावर. त्याने कुठूनतरी जुना बेस आणून माझ्या गळ्यात अडकवला आणि एकच नियम सांगितला. "बारके, काहीही होऊ दे, तू ड्रमला सोडायचं नाहीस. आपण दोघं एकत्र असलो की तिसरा हवा तेवढा भटकून येऊ शकतो." हा नियम मी इतक्या इमानाने पाळला की सगळ्याचा विचका केला.

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका रविवारी अकरा मात्रांची रचना चालू होती. मी दादाकडे तोंड करूनच उभी असते. त्याची नजर एकाएकी थिजली. पापणीही हलली नाही. जेमतेम अर्धा क्षण, पण तेवढ्यात एक मात्रा गळाली आणि तो सातवरून थेट नऊवर गेला. काही झालंच नाही अशा थाटात पुढे वाजवत राहिला. विचार करायला वेळ नव्हता. मीही एक मात्रा गाळली आणि त्याच्याबरोबर पुढच्या आवर्तनाच्या 'एक'वर जाऊन पोचले. मास्तर एकटाच मागे राहिला.

दादाने काठ्या वर करून थांबवलं. "काय मास्तर, गणित कच्चं झालं का?"

मास्तरने मान डोलावून चूक कबूल केली. तिघांत दोघं एका जागी असले की तिसरा चुकलेला, हा आमच्यातला न लिहिलेला कायदा. दादा हसला. मीही हसले. ते हसणं मला अजून खातं.

दादाला झोप झाली नसेल, कामाचा ताण असेल, असं मी स्वतःला समजावलं. तीन आठवड्यांनी परत तेच झालं. मग महिन्यातून दोनदा, तीनदा. प्रत्येक वेळी मी त्याच्याबरोबर जात होते. आता हात आपोआप वळायचा, इतकी मी त्यात पटाईत झाले होते. ज्याने मला हातात वाद्य दिलं, त्याला भर सरावात तोंडघशी पाडायचं माझ्याने होईना. त्याच्या चुका नवऱ्याच्या पदरात टाकत होते, हे मात्र चालत होतं.

मास्तरने पहिल्या चुकीपासूनच एक वही घातली होती. चौकटीची, शाळेतलीच. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'माझ्या चुका'. आत तारीख, कितीची रचना, कुठला भाग. घरी ठोके देणारा मेट्रोनोम लावून तो नेमक्या त्याच जागा पन्नास पन्नास वेळा घोटायचा. घरी एकदाही चुकत नव्हता, आणि म्हणूनच जास्त घाबरायचा.

"तिथे गेल्यावरच का होतं मला असं?" कपड्यांच्या घड्या घालता घालता त्याने विचारलं.

"दमतोस तू," मी म्हणाले. उशीचा अभ्रा नीट करत होते, त्यामुळे त्याच्याकडे बघावं लागलं नाही.

एकदा धीर करून दादाच्या घरी गेले. तो हत्यारांच्या पिशवीची चेन दुरुस्त करत बसला होता. "दादा, तब्येत बरी आहे ना तुझी?" त्याने वरसुद्धा बघितलं नाही. "मला काय धाड भरलीय? तू नवऱ्याकडे बघ, त्याचं लक्ष नसतं हल्ली." मी चहा पिऊन परत आले.

या मे महिन्यात मास्तर एका संध्याकाळी म्हणाला, "आज फळ्यावर साधी बेरीज केली आणि एका मुलीला उठवून तपासायला सांगितली. वर्गाला वाटलं, मी त्यांची परीक्षा घेतोय." मग अगदी शांतपणे म्हणाला, "शनिवारच्या कार्यक्रमानंतर तुम्ही दुसरा गिटारवाला बघा. बँड तुम्हा दोघांचा जमतोय. माझाच खोळंबा होतो."

हा माणूस रागावला असता तर बरं झालं असतं.

शनिवारी दुपारी चारला एका वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम होता. घडीच्या खुर्च्यांवर दीडेकशे लोक. तिसरी रचना तेरा मात्रांची. दुसऱ्या भागात मास्तर उंच सुरांत गेला होता आणि दादाची नजर थिजली. माझं बोट पुढच्या तारेवर गेलंसुद्धा होतं. मी ते तिथेच दाबून धरलं आणि मास्तरबरोबर मोजत राहिले. दहा, अकरा, बारा, तेरा.

दादा एकटाच एक मात्रा आधी 'एक'वर पोचला. त्याने माझ्याकडे बघितलं. भुवई उंचावून, ये ना, असं. मी गेले नाही. अजून एक आवर्तन त्याने माझी वाट बघितली. मग त्याने हात थांबवले आणि काठ्या मांडीवर ठेवल्या.

ड्रमशिवाय आम्ही दोघंच वाजवत राहिलो. मास्तरने आधी माझ्या बोटांकडे बघितलं, मग दादाकडे, मग परत माझ्याकडे. गणिताचा मास्तर तो. चौदा महिन्यांचा हिशोब लावायला त्याला तेरा मात्राही लागल्या नसतील. त्याने रचना पूर्ण केली, एकही सूर इकडचा तिकडे न होता. लोकांना वाटलं हे असंच बसवलंय. त्यांनी भरपूर टाळ्या वाजवल्या.

मागच्या खोलीत खुर्च्यांच्या चळतीला टेकून दादा उभा होता.

"मी चुकलो?"

"हो."

"आज पहिल्यांदा?"

"नाही. याआधी मी तुझ्याबरोबर यायचे."

तो खाली बसला. "तू यायचीस म्हणून मला वाटायचं, मी बरोबर आहे." मग हळूच म्हणाला, "बारके, मी रोज चालत्या लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करतो गं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शपथेवर सांगते, एकदाही नाही. मी त्याची लाज सांभाळत बसले होते. मास्तर कोपऱ्यात गिटारची वायर गुंडाळत होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, घरी आल्यावरही नाही.

मंगळवारी तिघं डॉक्टरांकडे गेलो. मेंदूच्या तपासण्या लिहून देताना त्यांनी विचारलं, "असं कधीपासून होतंय? किती वेळा?"

"मला कसं कळणार?" दादा म्हणाला. "तेवढ्यापुरता मी तिथे नसतोच."

मास्तरने पिशवीतून वही काढली. पहिलं पान न दाखवता उलटलं आणि वाचायला सुरुवात केली. "चौदा मार्च. अकराची रचना, पहिला भाग." वाचून थांबला. माझ्याकडे बघितलं नाही, पण उत्तर माझ्याकडूनच हवं होतं.

"दादा," मी म्हणाले. डॉक्टरांनी तारीख टिपून घेतली.

"चार एप्रिल. तेरा, शेवट."

"दादा."

"अठरा एप्रिल."

"दादा."

एकूण एकेचाळीस नोंदी होत्या. प्रत्येक वेळी दादाची मान थोडी खाली जात होती. तिसाव्या नोंदीवर मला ती सकाळ स्पष्ट आठवली. त्या दिवशी दादा ठणठणीत होता आणि मास्तर सर्दीने बेजार.

"ही तुझीच होती," मी म्हणाले.

मास्तरने शनिवारनंतर पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"नक्की?" त्याने विचारलं.

आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. माझ्या शब्दावर त्याने असं कधी विचारलं नव्हतं.