बेजिनाच्या गालावरच्या तीन रेघा

“ही कोण?” नाना अंपेमनी विचारलं.

मी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. सत्याहत्तर वर्षांचा माणूस, खांद्यावरून काळं कापड घेतलेलं, बहीण जाऊन चार दिवस झालेले. डोळे अधू असते तर मी समजून घेतलं असतं. पण या माणसाला रस्त्यापलीकडच्या बसवरची पाटी वाचता येते.

“आफुआ बेजिना, नाना. तुमची बहीण.”

“माझी बहीण मला ठाऊक आहे. ही कोण ते विचारतोय.”

छपाईचं दुकान पोकुआचं. कोपऱ्यातलं टेबल तिने मला दिलंय. ती यंत्राजवळून घाईघाईने पुढे आली. “नाना, पोस्टरवर माणसाला जरा उजळ करतातच. मास्टर नवीन शिकलेत कॉम्प्युटर. बघा की, केंटे कसं शोभतंय बाईंना.”

केंटे, आमचं सणासुदीचं रंगीबेरंगी भारी वस्त्र, खरंच शोभत होतं. बेजिना जन्मभर दोन सुती कापडांत वावरली, पण पोस्टरवर कुणी सुती कपड्यात जात नाही. मान तिची, खांद्याखालचं सगळं दुसऱ्याच कुणा श्रीमंत बाईचं. मानेचा सांधा जुळवायला मला अख्खी सकाळ लागली होती, आणि तो कुठे आहे हे आता मलासुद्धा सापडत नव्हतं. नानांनी केंट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“हिच्या गालावर काही नाही,” ते म्हणाले.

मी माऊसवरचा हात काढून घेतला.

चाळीस वर्षं मी इथे घानात, कोनोंगो गावात फोटो काढले. माझ्या स्टुडिओच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकतात. लोक स्वतःच स्वतःचे फोटो काढतात, आणि फार वाईट काढतात, पण ते आपण बोलायचं नाही. राहिलं एकच काम, मेलेल्यांचं. माणूस जिवंतपणी कसाही राहो, गेल्यावर त्याचं दारावर लावायला मोठं पोस्टर लागतं. पोकुआ म्हणाली, “मास्टर, कॉम्प्युटर शिका, गावातली सगळी पोस्टरं तुम्हाला देते.” म्हणून एकसष्टाव्या वर्षी मी दर बुधवारी वाचनालयात जाऊन बसू लागलो. गिम्प नावाचं सॉफ्टवेअर, फुकट मिळणारं. शिकवणारी जिफा, शाळेतली मास्तरीण, तीही फुकट शिकवणारी. वर्गात तिशीच्या वरचा मी एकटाच. मुलं हसायची, कारण मी माऊस मुंगी चिरडावी तसा दाबायचो. पाठ भरून यायची, डोळ्यांतून पाणी यायचं, मध्येच वीज जायची आणि केलेलं सगळं जायचं. पुढच्या बुधवारी पुन्हा पहिल्यापासून.

“वोफा,” जिफा म्हणायची, मला मामाच म्हणते ती, “आधी प्रत काढा, मग हात लावा. मूळ फोटोला हात लावायचा नाही.” इतक्यांदा म्हणायची की मला ते ऐकूच येईनासं झालं.

पण गिम्पमधल्या डागबुजव्या हत्यारावर माझा हात लगेच बसला. त्याच्यावर चिकटपट्टीचं चित्र असतं. चांगली कातडी कुठली ती दाखवायची, मग डागावरून फिरवायचं, की डाग गायब. पूर्वी हेच मी भिंगाखाली पेन्सिलीने करायचो, निगेटिव्हवर, श्वास रोखून. लग्नाआधी मुली यायच्या आणि कानाशी हळूच सांगायच्या, “मास्टर, गालावरचं तेवढं घालवा ना.” ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथल्या पुढच्या पोरीच्या गालावर रेघा कापतात. मरणाला वाटावं, ही विकत आणलेली, टाकलेली, कुणाच्या कामाची नाही. नावही तसलंच ठेवतात. पोर जगते, मग मोठी होते आणि तिला लाज वाटायला लागते. अशा किती मुलींचे गाल मी साफ केले, मोजदाद नाही. कुणीही परत येऊन तक्रार केली नाही.

बेजिनाचा फोटो उघडला तेव्हा त्या रेघा मला दिसल्या होत्या. दिसल्या नाहीत असं खोटं कशाला बोलू? हात आपोआप गेला. मला वाटलं, बाईसाठी शेवटचं एक चांगलं काम करतोय.

“नाना, लोक आवडीने घालवून घेतात त्या,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच लबाड वाटला.

“तिने कधी घालवायला सांगितल्या?”

“नाही.”

“जन्मभर ती तेच तोंड घेऊन बाजारात बसली. माणसं तिला हाक मारायची, ए रेघवाली, टोमॅटो कसे दिले? ती हसायची. तुला लाज वाटली होय तिची?”

पोकुआ यंत्राकडे वळून कागद सारखे करत बसली. ते आधीच सारखे होते.

“माझ्या पाठीवर तीन झाली,” नाना म्हणाले. “तिन्ही गेली. आई वेडी व्हायच्या बेताला आली होती. मग ही. ये आणि थांब, असं आईने तिचं नावच ठेवलं, बेजिना. आठव्या दिवशी नाव ठेवलं, त्याच दिवशी रेघा कापल्या. मी सात वर्षांचा होतो. पाय मी धरले होते. काय रडली पोर!” ते थांबले. “त्या तिघांनी तिला पाहिलेलं नाही. आता ती तिकडे जाईल तेव्हा आई कशावरून सांगणार त्यांना, की ही तुमची बहीण? हा असला गुळगुळीत गाल घेऊन जाईल ती?”

“मूळ फोटो लावू, नाना,” मी म्हणालो. “पाच मिनिटं बसा.”

बेजिनाच्या फोनमधलं कार्ड लावलं आणि फाईल उघडली. गुळगुळीत गाल. पुन्हा उघडली, तेच. मी कार्डावरूनच फोटो उघडला होता आणि गाल साफ केल्यावर मूळ फाईलवरच सेव्ह करून टाकलं होतं. संगणकाने विचारलंही असेल. मी हो म्हटलं असेल. दमलेला माणूस सगळ्याला हो म्हणतो.

“गेला,” मी म्हणालो. “माझ्याकडून गेला, नाना. चूक माझी.”

पोकुआने बेजिनाचं मतदार कार्ड आणून धरलं. त्यावरचा फोटो नखाएवढा, चेहरा काळाकुट्ट. फोनमधल्या बाकीच्या फोटोंत ती पाठमोरी, वाकलेली, दुसऱ्या कुणाची तरी लेकरं सांभाळताना. शोकाची बैठक शनिवारी. पोस्टरं दुपारी छापायची होती.

नाना ओरडतील म्हणून मी वाट पाहत होतो. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, खुर्ची माझ्यासमोर ओढून गुडघ्याला गुडघा लावून बसले. “तोंड वर कर,” म्हणाले.

मी केलं. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि अंगठ्याच्या नखाने माझ्या डाव्या गालावर ओढलं. डोळ्याखालून एक आखूड. शेजारी दुसरी, थोडी लांब, खाली जरा वळलेली. मग तिसरी, ओठाकडे येता येता थांबलेली.

“दुसरी वाकडी आहे,” ते म्हणाले. “ती हलली तेव्हा. मी पाय नीट धरले नाहीत.”

सत्तर वर्षं हे त्यांनी कुणाला सांगितलं होतं की नाही, कोण जाणे. पोकुआने तोंडावर हात घेतला. मला रडायला आलं, पण रडायला वेळ नव्हता.

मी संगणकाकडे वळलो. आधी प्रत काढली. वर नवा थर घेतला, ब्रश बारीक केला, रंग पातळ केला, कातडीपेक्षा किंचित गडद. गालावर त्यांचं नख अजून जाणवत होतं, म्हणून कुठे सुरू करायचं ते कळत होतं. चाळीस वर्षांत मी शेकडो रेघा पुसल्या. एकही कधी काढली नव्हती.

नाना खुर्ची सरकवून माझ्या खांद्याशी आले. मी ब्रश तिच्या डोळ्याखाली टेकवला, तसा त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“हळू रे,” ते म्हणाले. “आठ दिवसांची आहे ती.”