शेऱ्यात न आलेलं चिपटं

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. शेरेबुकात, तुमच्याच हातानं, लफ्फेदार सहीसकट: "इयत्ता सहावी. अपूर्णांकांचा भागाकार कच्चा. तासाला मुले वाळूत खेळताना आढळली." खेळताना आढळली हे खरं. कच्चा हे खोटं. आणि ते खोटं आहे हे आष्ट्याजवळच्या त्या शाळेत सगळ्यात आधी तुम्हालाच कळलं होतं.

खेळ अंजनाबाईंचा. शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर त्यांनी तो काढला, कारण त्या पार जेरीला आल्या होत्या. अर्ध्याला पावानं भागलं की उत्तर येतं दोन. पोरांचंही तेच यायचं. पण भागल्यावर कमी व्हायचं सोडून वाढतंय कसं? काहीतरी चुकलंच, म्हणून पोरं आलेलं बरोबर उत्तर थुंकी लावून पुसायची!

मग बाईंनी घराघरांतली मापं मागवली. किलो येऊन जमाना झाला, तरी गावातल्या बायका ज्वारी मोजायला अजून शेरच काढायच्या. शेराचं अर्धं ते मापटं, मापट्याचं अर्धं ते चिपटं. नव्या खोलीच्या बांधकामाची वाळू पटांगणात पडलेलीच होती. पोरांचे दोन गट केले. आधी उत्तर सांगायचं, मग मोजून दाखवायचं. हरेल त्यानं वाळू चाळायची.

त्या दिवशीही खेळ रंगात आला होता.

"दीड शेरात चिपटी किती?"

"सा!"

"आवं बाई, ह्यो उदयसिंह शीग लावून भरतोय!"

"सपाट कर रं. बाप मिल्ट्रीत आन् तू वाळू चोरतोस व्हय?"

एवढ्यात तपासणीच्या साहेबांची जीप थांबली.

"काय चाललंय बाई? भातुकली?" साहेबांनी विचारलं.

"भागाकार, साहेब."

"अस्सं? मग माझं एक उदाहरण सोडवू दे. नाही जमलं तर ही भांडी आजच घरोघर परत. पाऊण भागिले अर्धा."

अंजनाबाईंनी ते मनातल्या मनात सोडवून बघितलं. आजवरच्या त्यांच्या उदाहरणांत कधी काही उरलंच नव्हतं. आणि आता खेळ गेला, की पोरं पुन्हा थुंकी लावून पुसायला मोकळी.

सहावीतली मयूरी पुढं झाली. शेरात तीन चिपटी वाळू ओतली. झाली पाऊण शेर. त्यातनं मापटं भरून काढलं. खाली राहिलं चिपटंभर.

"एक मापटं, आन् वर एक चिपटं."

"चिपटं म्हणजे पाव ना?" साहेब गोड आवाजात म्हणाले. "मग एक आणि पाव. सव्वा?"

"व्हय!" अख्खा वर्ग ओरडला.

"चूक. दीड."

 बाई मापं गोळा करायला वाकल्या. मयूरी मात्र वाळूतनं उठेना.

"थांबा की साहेब." तिनं चिपट्यातली वाळू रिकाम्या मापट्यात ओतली आणि वर बोट फिरवून सपाट केली. वाळू मापट्याच्या बरोबर निम्म्यात आली. "चिपटं शेराचं पाव हाय. पर आपुन शेर कुठं मोजतोय? मापटी मोजतोय न्हवं? मापट्याचं ह्ये आर्दं. एक आन् आर्दं. दीडच की!"

पटांगणात एकच गिल्ला झाला. उदयसिंहनं मूठभर वाळू उधळली, ती साहेबांच्या बुटावर पडली. अंजनाबाईंना हसू आवरेना. बारा वर्षं त्या हे शिकवत होत्या, पण उरलेल्याचं काय करायचं हे इतक्या सोप्यात त्यांनाही कधी सांगता आलं नव्हतं.

मयूरीनं हात झटकले. "साहेब, तुमी कसं काढलंसा?"

"दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं."

"उलटा का करायचा?"

"नियम आहे."

"व्हय, पर का?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. शेरेबुक मागवलं, उभ्याउभ्याच खरडलं आणि जीप धुरळा उडवत गेली.

शेरा वाचून बाई रडल्या असतील असं वाटतंय का तुम्हाला? छे! मापं शाळेतच राहिली होती, अजून काय पाहिजे होतं? त्यांनी आधी डाव पुरा केला, हरलेल्यांकडनं वाळू चाळून घेतली. मग तुमच्या सहीखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं:

"पाऊण शेरात दीड मापटं कसं, हे विद्यार्थिनीनं मोजून दाखवलं. अपूर्णांक उलटा का करायचा, हे साहेबांनी सांगितलेलं नाही. वर्ग थांबला आहे. कृपया उत्तर द्यावे."

द्या की साहेब. का करायचा उलटा?