दुसऱ्या फेरीच्या हरकती

माझ्या धाकट्या बहिणीचा आवाज चांगला आहे, हे मला कुणी सांगायला नको. नऊ वर्षं तिच्या साथीला हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोचा जुना पूर्वज, मीच वाजवते आहे. कार्यक्रम संपला की लोक तिचे हात हातात घेतात आणि मला विचारतात, "पियानो जरा जुना आहे का हो?"

ती सोप्रानो, म्हणजे बायकांतल्या सगळ्यात उंच पट्टीची. गाते फक्त युरोपातली तीनशे वर्षांपूर्वीची गाणी. त्यांची एक रीत आहे: पहिला भाग शेवटी पुन्हा गायचा, पण या दुसऱ्या फेरीत गाणारीने स्वतःच्या हरकती घालायच्या. छापील कागदावर त्या नसतात. टाळ्या मिळतात त्या इथेच. आणि बाईसाहेबांना त्या लिहून कोण देतं? मी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पेन्सिलीने. वर्तमानपत्रात छापून येतं, 'काय ही उत्स्फूर्तता!' वाचून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मीही गायचे, तिच्याआधी. स्वरतंतूंवर गाठ आली, ती काढली, आवाज गेला तो गेलाच.

मग एका नावाजलेल्या वाद्यवृंदाने तिला चाचणीला बोलावलं. जागा एकच. मिळाली तर दोन वर्षं त्यांच्याबरोबर दौरे, आणि वाजवायला त्यांचा माणूस. म्हणजे मला नारळ. त्या आठवड्यात मी लिहिलेल्या हरकती कुणाच्याही गळ्याला झेपणाऱ्या नव्हत्या. श्वासाला जागाच ठेवली नाही. तिने तोंडघशी पडावं, एवढीच माझी इच्छा होती.

"ताई, इथे श्वास कुठे घेऊ?"

"लागत नाही तिथे," मी म्हटलं.

तिने कागदावरून शेवटपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाली, "बरं."

चाचणीला साथ माझीच होती. पहिली फेरी उत्तम झाली. दुसरी सुरू झाली आणि मी कान टवकारले. तिने माझा एकही स्वर घेतला नाही. मी वर चढवलं होतं तिथे ती अलगद खाली आली. एके ठिकाणी तर नुसती थांबली, मलाही थांबावं लागलं. नऊ वर्षांत असं मला सुचलं नव्हतं. माझ्या पोटात इतकं दुखलं की पुढचा सूर चुकला.

संचालकांनी चष्मा काढला. "या हरकती तुमच्या?"

"नाही," ती म्हणाली. "नेहमी ताईच लिहून देते."

ते माझ्याकडे वळले. "ते थांबणं काय सुंदर आहे हो! आमच्या बाकीच्या गायिकांसाठीही लिहाल?"

तिला सगळं कळलं होतं, बहुधा टेबलापाशीच. ती माझ्याकडे बघून हसत होती, अगदी मनापासून.

मी 'हो' म्हणाले. तिचा इतका राग मला जन्मात आला नव्हता.