योगिनीच्या काळजाचे फोटो

सुनेचं सोंग एकदाचं उघडं पडावं म्हणून सोजरबाई स्वतः तिला घेऊन अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात आली होती. एरवी ही बाई वाशीमजवळचा आपला भाजीचा मळा सोडून लग्नाकार्यालाही हलत नसे.

दोन वर्षं हेच चाललं होतं. पालकाच्या जुड्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन बांध चढताना योगिनीला धाप लागे, डोळ्यांपुढे अंधारी येई आणि ती मटकन खाली बसे. मग सासू सगळ्या मजूरबायांना ऐकू जाईल असं म्हणे, "पाहा वो, बसली महाराणी!" वाशीमच्या डॉक्टरांनी दोनदा निजवून तपासलं, दोन्ही वेळा सगळं ठीक निघालं. झालं, सासूच्या हाती आयतं कोलीतच मिळालं. नवरा हरीओम आईपुढे तोंड उघडेल तर शपथ! योगिनीला औषधपाण्याची किंवा आरामाची आस उरली नव्हती. हिचं दुखणं खरं आहे, एवढं कुणीतरी एकदा म्हणावं, बस.

ही तपासणी मात्र वेगळी होती. हाताच्या शिरेतून रक्तात किरणांचं औषध सोडलं, छातीशी जाडजूड कॅमेरा आणला. तिथला माणूस म्हणाला, "ताई, हृदय भरतं तेव्हा केवढं होतं आणि आकसतं तेव्हा केवढं, ते आम्ही मोजतो. आधी निजून, मग पायडल मारताना." पायडल त्या पलंगालाच बसवलेले होते.

निजून काढलेले फोटो नेहमीप्रमाणे ठीकच आले. मग पायडल सुरू झाले, दर तीन मिनिटांनी जड होत गेले. "दमल्या की सांगा, लगेच थांबवतो." योगिनी दुसऱ्याच मिनिटाला दमली होती, पण सांगते कशाला! काचेपलीकडे सासू उभी होती. छातीत कळ आली, ओठ निळे पडले, तरी पाय चालूच. शेवटी त्या माणसानेच घाबरून तपासणी थांबवली.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीलाच आत बोलावलं. "निजल्यावर ठीक दिसतं, पण मेहनत केली की तुमचं हृदय फुगतं आणि रक्त कमी ढकलतं. ओझं बंद. मूल होऊ द्यायचं नाही, जिवावर बेतेल. गोळ्या घेतल्या तर पुष्कळ वर्षं नीट राहाल. घरी किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. हवं तर मी बोलते."

"नाई मॅडम, मीच सांगीन."

एवढं ऐकून ही पोरगी हसत बाहेर आली! काय म्हणावं अशा वेडीला?

सोजरबाईला अक्षरओळख नव्हती, योगिनी बारावी पास. एसटीत बसल्या बसल्या तिने दवाखान्यात मिळालेला लखोटा उघडला आणि फोटो सासूच्या मांडीवर मांडले.

"हे निजल्यावरचं, आत्याबाई. अन् हे पायडल मारतानाचं. पाहा कसं फुगलं! सोंग नोतं ते."

किडकं वांगं उलटसुलट करून पाहावं तसे सोजरबाईने फोटो पाहिले.

"म्हंजे खरंच हाय?"

"खरंच हाय."

"वझं?"

"कधीच नाई."

"अन् लेकरू?"

आपलं खरं ठरल्याच्या आनंदात योगिनी म्हणून गेली, "तेबी नाई म्हने डॉक्टरीन."

सोजरबाईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. लग्नाला चार वर्षं झाली, त्यात पहिल्यांदाच. "उगाच बोलली वो मी तुले," ती म्हणाली. योगिनीचे डोळे भरून आले. या एका वाक्यासाठी तिने जीव पणाला लावला होता.

कंडक्टर आला. सोजरबाईने पैसे काढले. "एक वाशीम," ती म्हणाली, आणि सुनेकडे बोट केलं, "इचं मेडशी."

मेडशी वाटेतच होतं. तिथे योगिनीचं माहेर.

"आत्याबाई, मेडशी काहून? माहे कपडे, सामान..."

"हरीओम आनून देईन उद्या." सासूचा आवाज अजून मऊच होता. तिने फोटो नीट लखोट्यात घातले आणि तो योगिनीच्या हातात दिला. "हे तुह्या बापाले दाखव. आमी खोटं नाई सांगून राह्यलो, म्हनाव."