मशीनला झबलं

आमच्या दादाला घरात सगळे इंजिनिअर म्हणतात. तो बसतो पडद्याच्या कापडाच्या दुकानात. पण घरात नवी वस्तू आली की खोका त्यानेच फोडायचा, आणि आतली माहितीपुस्तिका पिशवीतून न काढताच कपाटाच्या खालच्या खणात भिरकावायची. हात लावला की सगळं कळतं म्हणे. याच हातांनी त्याने एक इस्त्री जाळली. कपडे धुण्याच्या मशीनचे, वाहतुकीत आतलं हलू नये म्हणून लावलेले बोल्ट न काढता ते चालू केलं, तर ते नाचत नाचत दारापर्यंत आलं. तरी नाव इंजिनिअरच.

आणि मी मिक्सरच्या कारखान्यात नेमक्या त्याच पुस्तिका लिहिते. पोटासाठी. चारचौघांत दादा सांगतो, आमच्या धाकटीची पुस्तकं सगळ्यात जास्त छापली जातात आणि सगळ्यात कमी वाचली जातात. लोक हसतात, मीही हसायचे. आता हसणार नाही.

परवा त्याचा फोन आला. अण्णांचं काही खरं नाही, येऊन जा, म्हणाला. अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांची फुप्फुसं कमजोर झाली म्हणून दादाने घरी ऑक्सिजनचं मशीन आणलं होतं. सुरुवातीला बरं चाललं होतं. नाकात नळी लावून ते खिडकीपाशी बसायचे, माझ्याशी फोनवर भांडायचेसुद्धा. मग एकाएकी खालावत गेले. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. फुप्फुसं आता साथ देत नाहीत, दवाखान्यात हलवा, म्हणाले. अण्णांनी साफ नकार दिला. जायचं तर घरातूनच जाईन म्हणाले.

मी दुपारी पोचले. अण्णा उशांना टेकून बसले होते. ओठ निळसर, दोन शब्दांमध्ये दम खायला थांबणं. मला बघून त्यांनी नुसता हात वर केला. वहिनीचे डोळे रडून सुजलेले. आणि कोपऱ्यात ते मशीन, अंगात झालरीचं झबलं घालून उभं.

हे वहिनीचं काम. या घरात उघडी वस्तू चालत नाही. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटलाही कव्हर. दुकानातलं उरलेलं जाड कापड, आतून अस्तर, बटणापुरती खिडकी आणि नळीपुरतं भोक. धूळ बसू नये म्हणून. तिने ते मायेनेच शिवलं होतं, आणि त्यामुळे मला आणखीच चीड आली. मायेला जाब कसा विचारायचा?

मी हात लावला तर मशीन तव्यासारखं तापलेलं. झबलं ओढून काढलं. मागची हवा घ्यायची जाळी पार झाकली गेली होती. पुढे चिकटपट्टीचा तुकडा, आणि त्याखाली पेटलेला पिवळा दिवा. हे काय, विचारलं तर दादा म्हणाला, अण्णांच्या डोळ्यांवर यायचा. शेजारच्या, आवाज येतो त्या भोकावरही पट्टी होती. ते सारखं कुईकुई करायचं म्हणे, अण्णांची झोपमोड व्हायची.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खालचा खण उपसून पुस्तिका काढली, पिशवी दातांनी फाडली. पहिल्याच पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत लिहिलं होतं: मशीन झाकू नका, हवा कोंडली तर ऑक्सिजन कमी पडेल, पिवळा दिवा लागेल, आवाज येईल. मी ते पान दादाच्या नाकासमोर धरलं.

"तुझ्या हातांना हे नाही कळलं, इंजिनिअर? बाप गुदमरत होता आणि तू दिव्याला पट्टी लावत होतास."

यावर त्याने माझ्यावरच डोळे वटारले. एवढी जाडजूड पुस्तकं कोण वाचणार, तुम्हा लोकांना दोन ओळींत सांगता येत नाही का, म्हणे. चोराच्या उलट्या बोंबा. त्या दोनच ओळी होत्या. मी त्याच्याशी भांडत बसले नाही. डॉक्टरांना फोन लावला. मशीन मोकळं करा, आणि तासाभरात फरक पडला नाही तर मी काहीही ऐकणार नाही, त्यांना दवाखान्यात घेऊन या, म्हणाले. मी मशीन भिंतीपासून पुढे ओढलं, जाळी साफ केली, आणि पुस्तिकेतलं पान उघडं ठेवून एकेक गोष्ट तपासली. थोड्या वेळाने पिवळा दिवा विझला. अण्णांच्या बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजायच्या यंत्रातला आकडा हळूहळू चढायला लागला.

संध्याकाळपर्यंत ओठांना रंग आला. अण्णा अख्खं वाक्य एका दमात बोलले, चहा मागितला. वहिनी पुन्हा रडायला लागली. दादाला तर कंठच फुटला. मशीन चांगलंच आहे, चार ठिकाणी हिंडून मीच निवडलं होतं, असं सांगू लागला. मी उठणारच होते त्याच्या अंगावर. तेवढ्यात अण्णांनी चष्मा मागितला, आणि ती पुस्तिका.

त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली. बोट ओलं करून पान उलटत, चित्रंसुद्धा बघत. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि दादाकडे बघितलं.

"हे घरातच होतं?"

दादाने मान खाली घातली. खणात होतं, म्हणाला.

"मग मला का नाही दिलंस? मी पडूनच होतो ना दिवसभर. आज जातो की उद्या, याची वाट बघत. तेवढ्या वेळात माझं हे कितीतरी वेळा वाचून झालं असतं."